साथीच्या काळातली उसनवारी

कोरोनाच्या साथीत, २४ मार्च २०२० रोजी, न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो पत्रकारांसमोर चांगलेच संतापले होते. त्यांच्या हिशेबाने राज्याला ३०,००० व्हेंटिलेटर लागणार होते आणि अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती यंत्रणेने पाठवले होते ४००. मग मरणारे २६,००० लोक कोण ते तुम्हीच निवडा, असे त्यांनी वॉशिंग्टनला सुनावले. ते वाक्य जगभर गाजले. त्याच दिवसांत त्यांनी मांडलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी मनावर घेतली नाही. ते म्हणत होते, आमची लाट आधी आली आहे, म्हणून देशाचा साठा आधी आमच्याकडे पाठवा. आमचा कळस उतरला की हीच यंत्रे जिथे गरज असेल तिथे पोचवण्याची जबाबदारी मी स्वतः घेतो.

साथीतल्या टंचाईचा मुख्य प्रश्न मला या दुसऱ्या बोलण्यात दिसतो. कोणत्या प्रदेशाच्या वाट्याला किती, यावर भांडणे होतात, पण व्हेंटिलेटर वापरला म्हणून संपत नाही. एका रुग्णाची नळी निघाली की निर्जंतुक करून तो दुसऱ्याला लावता येतो आणि एका शहरातली लाट ओसरली की दुसऱ्या शहरात नेता येतो. त्यामुळे अशी यंत्रे प्रदेशाप्रदेशांत कायमची वाटून टाकण्यापेक्षा ती फिरती ठेवली पाहिजेत, आणि फिरती ठेवायची तर देणाऱ्याला ती परत मिळण्याची पक्की हमी पाहिजे. ही हमी नसेल तर समतेची आणि गरजेची सगळी तत्त्वे बैठकीच्या इतिवृत्तातच राहतात.

लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा हे सूत्र सगळ्यांना चटकन पटते. त्यात कुणावर अन्याय झाल्यासारखा वाटत नाही, कुणाला कुणापुढे हात पसरावा लागत नाही आणि गणित दोन मिनिटांत होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही कोव्हॅक्सच्या, म्हणजे देशादेशांत कोरोनाची लस वाटायच्या जागतिक योजनेच्या, लसवाटपाचा पहिला टप्पा असाच आखला होता. प्रत्येक देशाला त्याच्या लोकसंख्येच्या २० टक्क्यांपर्यंत, प्रमाणात लसी, मग त्या घडीला तिथे साथ किती भडकली आहे हे काहीही असो. इतक्या देशांची सहमती मिळवायची तर दुसरे सूत्र अवघडच होते, हे मी समजू शकतो. लस तरी पुढच्या धोक्यासाठी घ्यायची असते. श्वास लागलेल्या माणसाला लावायच्या यंत्राला हे सूत्र लावले की त्याची किंमत जिवांत मोजावी लागते.

समजा दोन शेजारी प्रदेश आहेत. लोकसंख्या सारखी, दोघांकडे शंभर-शंभर व्हेंटिलेटर. एकाची लाट मार्चअखेर कळसाला पोचते, दुसऱ्याची मेअखेर. ऐन कळसाच्या आठवड्यात प्रत्येकाला दीडशे यंत्रे लागतात. समान वाटणीत मार्चमध्ये पहिल्याकडची पन्नास माणसे यंत्राविना राहतात आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याच्या गोदामात निम्म्याहून जास्त यंत्रे प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून ठेवलेली असतात. मेमध्ये नेमके उलटे घडते. शंभर माणसे गेली आणि दोन्ही वेळा देशात यंत्रे शिल्लक होती. पन्नास यंत्रे मार्चमध्ये एका बाजूने गेली आणि मेमध्ये शंभर परत आली असती, तर एकही नवे यंत्र न बनवता ही शंभर माणसे उपचाराखाली आली असती.

इतके साधे असेल तर मग कुणी देत का नाही? याचे उत्तर स्वार्थ, कोतेपणा असे देऊन मोकळे होणे मला पटत नाही. निवडून आलेला माणूस आपल्या मतदारांना उत्तर देतो. त्याने एप्रिलमध्ये ५० यंत्रे शेजाऱ्याला दिली आणि पंधरा दिवसांनी त्याच्याच जिल्हा रुग्णालयात एखादी बाई यंत्राअभावी गेली, तर तिच्या मुलांसमोर उभे त्यालाच राहायचे असते. शेजारच्या प्रदेशात वाचलेल्या पन्नास जणांपैकी एकही जण त्याच्या बाजूने बोलायला येणार नसतो. शिवाय आपली लाट केव्हा येईल आणि केवढी असेल हे त्याला माहीत नसते. या परिस्थितीत हात आखडता घेणे हे त्याच्या जागी बसलेल्या बहुतेक कुणीही केले असते. न्यूयॉर्क राज्याच्या आतही तेच झाले. एप्रिलच्या सुरुवातीला कुओमोंनी उत्तरेकडच्या रुग्णालयांतले न वापरलेले व्हेंटिलेटर न्यूयॉर्क शहराकडे हलवण्याचा आदेश काढायचे ठरवले, तेव्हा तिथल्या लोकप्रतिनिधींनी कडाडून विरोध केला. आमच्याकडची यंत्रे गेली आणि उद्या लाट इकडे आली तर काय, हा त्यांचा सवाल होता. त्यांना दोष देण्याआधी हे पाहावे, की त्या सवालाला लेखी, बंधनकारक उत्तर कुणाकडेच नव्हते.

आणि तरीही त्याच आठवड्यात यंत्रे हलली. ओरेगॉनने न्यूयॉर्कला १४० व्हेंटिलेटर पाठवले. वॉशिंग्टन राज्याने राष्ट्रीय साठ्यातून मिळालेले ४०० हून अधिक परत केले, म्हणजे ते पुढे जास्त गरजेच्या ठिकाणी जातील. कॅलिफोर्नियाने ५०० दिले, आणि तेही राष्ट्रीय साठ्याला उसने म्हणून. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन पश्चिम किनाऱ्यावरची, तिथे साथ लवकर दिसली होती आणि आलेख थोडा आटोक्यात आल्याची त्यांना खात्री वाटू लागली होती. एप्रिलच्या मध्यावर न्यूयॉर्कचीच गरज अंदाजापेक्षा पुष्कळ कमी निघाली, तेव्हा कुओमोंनी मिशिगनला १०० आणि मेरिलँडला ५० व्हेंटिलेटर पाठवायचे जाहीर केले. हे सगळे फोनवर, ओळखीवर, एकेका गव्हर्नरच्या मनाच्या मोठेपणावर झाले. चांगलेच झाले. पण ज्यांच्या गव्हर्नरने फोन उचलला नाही, त्या प्रदेशातल्या रुग्णाचा त्यात काय दोष?

युरोपात याहून कडवट अनुभव आला. ३ मार्च २०२० ला फ्रान्सने देशातले मास्क सरकारजमा केले आणि दुसऱ्या दिवशी जर्मनीने संरक्षक साधनांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याच वेळी इटलीने युरोपीय नागरी संरक्षण यंत्रणेमार्फत मदत मागितली होती आणि सुरुवातीला एकाही सदस्य देशाने हात पुढे केला नाही. १९ मार्चला युरोपीय आयोगाने वैद्यकीय साधनांचा सामायिक साठा उभारायचा निर्णय केला. एप्रिलमध्ये आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी युरोपीय संसदेत इटलीची माफी मागितली. मात्र निर्यातबंदी करणाऱ्या जर्मनीनेच मार्च संपायच्या आत इटलीतल्या बर्गामोचे अत्यवस्थ रुग्ण आपल्या लाइपझिग शहरात आणि फ्रान्समधल्या अल्सासचे रुग्ण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात दाखल करून घेतले. वस्तू द्यायला नकार देणारा देश माणूस घ्यायला तयार झाला. मला यात विसंगती दिसत नाही. दाखल केलेला रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि खाट आपलीच राहते. दिलेल्या पेट्या परत येतील याची मात्र कुणी खात्री दिलेली नसते.

यंत्र न्यायचे की रुग्ण, हा प्रश्न म्हणूनच फार महत्त्वाचा आहे आणि वाटपाच्या चर्चेत तो जवळजवळ येतच नाही. व्हेंटिलेटर एकटा काही करत नाही. त्याला योग्य दाबाने ऑक्सिजन पुरवणारी नळयोजना लागते, अखंड वीज लागते, रक्तातल्या वायूंची तपासणी लागते आणि चोवीस तास पाळीपाळीने लक्ष ठेवणारी, नळीतला कफ वेळेवर ओढणारी, रुग्णाला पालथे करताना नळी सुटणार नाही हे बघणारी परिचारिका लागते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयाकडे एक लोखंडी फुफ्फुस (रुग्णाला आत झोपवून श्वास चालवणारी मोठी पेटी) आणि छातीवर बसवायची सहा यंत्रे होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छेद देऊन हाताने पिशवी दाबून श्वास देण्याचा मार्ग दाखवला आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून कित्येक आठवडे त्या पिशव्या दाबल्या. यंत्रे मोजकीच होती, माणसे पुरेशी मिळाली आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. २०२० नंतर अनेक ठिकाणी नेमकी उलटी स्थिती होती. जिल्ह्याला व्हेंटिलेटर पोचले आणि चालवणारे कुणी नाही म्हणून ते पेटीतच राहिले. वाटपाच्या तक्त्यात त्या जिल्ह्याची गरज भागली अशी नोंद झाली.

जिथे माणसे आणि नळयोजना आधीपासून आहेत तिथे रुग्ण नेणे कित्येकदा अधिक शहाणपणाचे ठरते. २६ मार्च २०२० रोजी फ्रान्सने एका टीजीव्ही या अतिवेगवान रेल्वेगाडीतून २० गंभीर रुग्ण स्ट्रासबुर्गहून पश्चिमेकडच्या लुआर भागातल्या शहरांत हलवले. जर्मनीने सोळा राज्यांचे पाच गट पाडले, आपत्तीत कुठल्या गटाने कुणाचे रुग्ण घ्यायचे याची पद्धत ठरवली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये बव्हेरिया, सॅक्सनी, थुरिंगिया इथले रुग्ण त्याच पद्धतीने उत्तरेकडे नेले. घरच्यांपासून शेकडो किलोमीटर दूर बेशुद्ध पडलेल्या माणसाचे हाल मी कमी लेखत नाही. नातेवाइकांची संमती, रोज एक फोन आणि बरे झाल्यावर घरापर्यंत पोचवण्याची सोय हे सगळे त्या व्यवस्थेचा भाग असलेच पाहिजे.

आतापर्यंत बोललो ते टिकाऊ यंत्रांबद्दल. ऑक्सिजनचे तसे नाही. तो उसना देता येतो, पण तोच परत घेता येत नाही आणि लाटा एकाच वेळी उसळल्या तर उसनवारीचे गणितच कोलमडते. भारतात एप्रिल-मे २०२१ मध्ये हे दोन्ही एकदम घडले. तेव्हा ऑक्सिजन देशात अजिबात नव्हता असे नाही. द्रवरूप ऑक्सिजनचे मोठे उत्पादन पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांत होत होते आणि गुदमरत होती दिल्ली, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. उणे १८३ अंशांखाली राहणारा हा द्रव साध्या टँकरमधून नेता येत नाही आणि तसे खास टँकर देशात थोडे होते. पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला निघाली. वाघिणीवर टँकर चढवला की वरच्या विजेच्या तारांना आणि पुलांना अडता कामा नये, म्हणून अनेक आकारांतून ३,३२० मिलिमीटर उंचीचा टँकर निवडावा लागला. मुंबईजवळच्या घाटांतून एवढा उंच माल न्यायची परवानगी नव्हती, तेव्हा गाडी वसई, सुरत, भुसावळ अशी लांबून फिरवली गेली. १,८५० हून अधिक किलोमीटर, सुमारे पन्नास तास, आणि तेही टँकर रिकामे असताना. दिल्लीतल्या एखाद्या खाटेवरच्या माणसाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याच्या राज्याचा कोटा किती टन ठरला, हे मात्र टीव्हीवर रोज सांगितले जात होते.

कोट्याचा आकडा ज्या सूत्राने निघाला ते बघण्यासारखे आहे. शंभर रुग्णांपैकी ८० सौम्य, १७ मध्यम, ३ गंभीर. मध्यमांपैकी निम्म्यांना मिनिटाला १० लिटर आणि अतिदक्षता विभागातल्यांना २४ लिटर. सूत्र असणे हे सूत्र नसण्यापेक्षा केव्हाही बरे. पण घरी सिलिंडर लावून पडलेला रुग्ण, रुग्णवाहिकेतला रुग्ण आणि खाट न मिळाल्याने दारात ताटकळणारा रुग्ण या आकड्यांत कुठेच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव दाखवली, सूत्राचा फेरविचार करायला सांगितले आणि ८ मे रोजी वाटपाचा शास्त्रीय आधार ठरवण्यासाठी १२ सदस्यांचे राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याआधी २२ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाला आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढून सांगावे लागले होते की ऑक्सिजनचे टँकर राज्यांच्या सीमेवर अडवू नका. एका राज्यात भरलेला टँकर दुसऱ्या राज्याकडे निघाला की त्याला वाटेत थांबवण्याचा मोह कुठल्या थराला गेला होता, हे त्या आदेशावरून कळते.

गरज मोजायची कशी, याचे उत्तर सर्वांत अवघड आहे आणि इथेच सर्वांत जास्त अन्याय होतो. नोंदवलेल्या रुग्णसंख्येवर वाटप केले तर ज्या प्रदेशात तपासणीच्या प्रयोगशाळा जास्त, त्याला जास्त मिळते. भरलेल्या अतिदक्षता खाटांवर केले तर ज्याच्याकडे अशा खाटाच नाहीत, त्याची मागणी शून्य दिसते. डोंगराळ, आदिवासी, दूरवरच्या भागातला माणूस घरातच जातो. त्याची ना तपासणी होते, ना खाट भरते. मागणीच्या तक्त्यात तो कधीच येत नाही आणि मग मागणी नाही म्हणून पुरवठाही येत नाही. वाटपाचे सूत्र कितीही निष्पक्ष असले तरी त्यात भरली जाणारी माहितीच जुन्या विषमतेची असेल, तर निकाल तोच लागणार. म्हणून मला वाटते की प्रत्येक प्रदेशाला एक किमान साठा गरजेचे आकडे न मागता मिळाला पाहिजे, तोही चालवणाऱ्या माणसांसकट. त्या साठ्याला फिरत्या वाटपात हात लावायचा नाही. साथ असली म्हणून अपघात, बाळंतपणे आणि अपुऱ्या दिवसांची बाळे थांबत नाहीत. शिवाय एकूण मृत्यूंची नोंद, दफन-दहनाची नोंद, दूरध्वनीवर रुग्णवाहिका मागणाऱ्यांची संख्या अशी आडून गरज सांगणारी माहितीही मोजणीत धरली पाहिजे.

मागणी फुगवली जाईल, ही भीती खोटी नाही. न्यूयॉर्कचे ३०,००० प्रत्यक्षात लागले नाहीत. दिल्लीने ऑक्सिजनची मागणी वाढवून सांगितली का, यावर लाट ओसरल्यावर बराच वाद झाला. पण उद्या मिळेल की नाही याची शाश्वती नसलेला माणूस आज दुप्पट मागतो, हे स्वाभाविक आहे. मागणी खरी ठेवायची तर शिक्षेपेक्षा पुरवठ्याचा भरवसा जास्त उपयोगी पडतो. दर चोवीस तासांनी वाटप नव्याने होणार, न वापरलेले यंत्र ठरावीक दिवसांत परत जाणार आणि प्रत्येक प्रदेशाने काय मागितले, काय मिळाले, किती वापरले हे सर्वांना दिसणार, अशी रीत असेल तर फुगवून मागण्यात फायदा उरत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. ज्या प्रदेशाने वर्षानुवर्षे आरोग्यावर खर्च केला, यंत्रे जमवली, वेळेवर निर्बंध लावले, त्याने बेफिकीर शेजाऱ्याला का द्यावे? बेफिकीर सरकार असते. श्वास लागलेला माणूस त्या सरकारचा मतदार असेल किंवा विरोधकही असेल, लहान मूल असेल, कामासाठी तिथे गेलेला परप्रांतीयही असेल. त्याने सरकारच्या चुकीची भरपाई आपल्या फुफ्फुसांनी करावी असे मी म्हणू शकत नाही. पण जमवणाऱ्याला नुसते गृहीत धरणेही चूक आहे, कारण मग पुढच्या वेळी कुणी जमवणारच नाही. म्हणून देणाऱ्याला मोबदला हवा. भाडे हवे, मोडतोडीची भरपाई हवी आणि त्याची लाट आली की सामायिक साठ्यातून पहिला हक्क त्याचा हवा. उसनवारीत देणाऱ्याचा मान आणि हिशेब दोन्ही सांभाळले जातात, म्हणून मी दानापेक्षा तिच्यावर जास्त विसंबतो.

एक मर्यादा मात्र कुठल्याही करारात ठळक हवी. फिरवायची ती फक्त मोकळी यंत्रे. एका रुग्णाला लावलेले यंत्र काढून दुसऱ्या प्रदेशाकडे पाठवण्याचा अधिकार कुठल्याही समितीला नसावा. आणि सगळीकडेच एकदम टंचाई आली, मोकळे यंत्रच उरले नाही, तर रोजची नवी आवक अशा ठिकाणी जावी जिथे ती पोचताच रुग्णाला लागेल, म्हणजे जिथे खाट, नळयोजना आणि परिचारिका तयार आहे आणि रांगेत माणूस आहे. तेव्हा राजधानी कुठली, सत्ता कुणाची, ओरड कुणाची मोठी याला जागा नसावी.

हे सगळे साथ आल्यावर ठरवता येत नाही. लाट अंगावर आली की ज्याला गरज आहे तो कुठल्याही अटीवर सही करतो आणि ज्याला नाही तो सही टाळतो. शांततेच्या काळात पहिली लाट कुणाकडे येईल हे कुणालाच माहीत नसते, आणि त्यामुळेच त्या वेळी सगळ्यांचे हित एका बाजूला असते. करारात परतीची मुदत दिवसांत लिहिलेली असावी. वाद झाला तर निकाल देणारे मंडळ आधीच नेमलेले असावे आणि त्यात देणाऱ्या-घेणाऱ्या दोन्ही बाजूंचे डॉक्टर, परिचारिका व वाहतुकीची माणसे असावीत. कुठल्या रुग्णालयात कोणत्या कंपनीचा व्हेंटिलेटर आहे, त्याची नळी दुसऱ्या प्रदेशातल्या भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या तोंडात बसते का, नसेल तर जोड कुठे मिळेल, टँकर कोणत्या पुलाखालून जातो आणि कोणत्या नाही, याची यादी दरवर्षी तपासली जावी आणि वर्षातून एकदा पाच-दहा यंत्रे खरोखर एका प्रदेशातून दुसऱ्यात नेऊन, चालवून, परत आणून बघावीत.